कायमच्या सनदा

२३ मे १९८७ रोजी गोव्याच्या खाणींविषयीच्या एका कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. बरोबर एका आठवड्याने, ३० मेला, गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. घटकराज्य दिन गोवा दरवर्षी साजरा करतो. खाणकायद्याची तारीख मात्र वकील, खाणवाले आणि खाणींशी झगडणारे गावकरी यांच्यापलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. वास्तविक गोव्याच्या भूमीच्या दृष्टीने ती तारीखही तितकीच मोलाची आहे. पोर्तुगीज सरकारने दिलेल्या खाणसनदा त्या कायद्याने रद्द झाल्या आणि त्यांचे रूपांतर भारतीय कायद्यातल्या खाणपट्ट्यांत, म्हणजे लीजमध्ये, झाले. हे रूपांतर मागच्या तारखेने लागू करावे लागले आणि ती तारीख होती २० डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

गोवा मुक्त झाला तेव्हा जमिनीवरचे पोर्तुगीज निशाण उतरले. जमिनीखालच्या खनिजावरचा पोर्तुगीज कागद उतरवायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला. आणि कागद बदलल्यावरही त्यामागची वहिवाट, ‘एकदा मिळाले ते कायमचे मिळाले’ ही समजूत, आणखी तीन दशके टिकली. स्वतंत्र भारताचे खनिजधोरण कुठे अडखळले हे समजून घ्यायचे असेल, तर डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांच्या डोंगरांचा हा इतिहास मुळापासून पाहायला हवा.

१९०६ चा हुकूमनामा

पोर्तुगालने आपल्या वसाहतींसाठी २० सप्टेंबर १९०६ रोजी खाणींचा हुकूमनामा काढला. जमीन कोणाचीही असो, तिच्या पोटातले खनिज सरकारचे, हे त्याचे मूळ तत्त्व. खनिज ज्याला सापडले त्याने सरकारदरबारी नोंद करायची, ठरलेले सोपस्कार पूर्ण करायचे आणि सनद मिळवायची. गोव्यातल्या बहुतेक सनदा शंभर हेक्टरांच्या आतल्या. पण क्षेत्राला मर्यादा होती, तशी काळाला नव्हती. सरकारचे कर भरत राहा, अटी पाळा, म्हणजे सनद तुमची आणि तुमच्यामागे तुमच्या वारसांची.

त्या काळच्या सरकारला यात काही गैर वाटले नाही. डोंगरात माल आहे हे माहीत होते. तो खणून समुद्रापार नेणे परवडत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी काही परदेशी मंडळींनी गोव्यात खनिजाचा शोध घेतला, पण त्यातून मोठा उद्योग उभा राहिला नाही. ज्याला आज भाव नाही ते कायमचे देऊन टाकायला कोणालाच जड जात नाही. १९०६ ची उदारता अशी पडीक डोंगरांवरची उदारता होती. तिची किंमत दुसऱ्या महायुद्धानंतर कळली.

युद्धात बेचिराख झालेल्या जपानला पोलादाचे कारखाने पुन्हा उभारायचे होते आणि त्याच्याकडे स्वतःचे लोहखनिज पुरेसे नव्हते. गोव्याचे खनिज फार उच्च प्रतीचे नसले तरी ते अगदी बंदराच्या दारात होते. खाणीपासून नदी जवळ, नदीच्या मुखाशी मुरगाव बंदर. १९४७ पासून निर्यात सुरू झाली आणि पन्नाशीच्या दशकात तिने वेग घेतला. सुरुवातीला कुदळ, फावडे आणि डोईवरची पाटी एवढ्यावरच काम चालायचे. कोकणातून, कर्नाटकातून मजूर आले. पुढे जपानी पोलाद उद्योगाने यंत्रांसाठी कर्ज द्यायचे आणि खाणवाल्याने ते खनिजाच्या रूपात फेडायचे, असे व्यवहार झाले. त्यातून गोव्याच्या डोंगरांवर यांत्रिक फावडी आणि डंपर दिसू लागले. दक्षिणेकडे सांगे आणि केपे भागांत मँगनीजही निघत होते.

पन्नाशीच्या मध्यावर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. घाटावरून आणि कोकणातून येणारा माल आणि माणसे अडली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला त्या वेळी तगवले ते याच लोहखनिजाने. जपानला आणि युरोपला जाणाऱ्या मालाच्या मोबदल्यात परकी चलन येत राहिले आणि पणजी-मडगावच्या दुकानांत परदेशी वस्तूंची रेलचेल राहिली. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबले, बांदेकर ही नावे याच काळात मोठी झाली. पोर्तुगीज राजवटीत ज्या हिंदू गोमंतकीयांना सरकारी सत्तेत फारसा वाटा नव्हता, त्यांच्यातल्या काहींच्या हाती खाणींमुळे प्रथमच मोठे भांडवल आले. गोव्याच्या सामाजिक इतिहासात ही गोष्ट लहान नाही. या घराण्यांनी पुढे जहाजे बांधली, महाविद्यालये काढली, वर्तमानपत्रे चालवली, फुटबॉलचे संघ पोसले. खाणींविषयी लिहिताना हे नाकारण्याचे कारण नाही.

मुक्तीनंतरचा जुना कागद

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नव्या प्रदेशात एका रात्रीत सगळे कायदे बदलता येत नाहीत, म्हणून १९६२ च्या प्रशासनविषयक कायद्याने संसदेने जुने कायदे, ते बदलले जाईपर्यंत, चालू ठेवले. व्यवहार म्हणून हे योग्यच होते. भारतात तेव्हा खाणींसाठी १९५७ चा खाण आणि खनिज अधिनियम होता. मुदतीबाबत त्याची धारणा पोर्तुगीज कायद्याच्या उलट होती. खनिज राज्याचे, खणायला देताना ते मुदतीने द्यायचे, मुदत संपली की नूतनीकरण मागायचे, आणि दुसऱ्यांदा नूतनीकरण हवे असेल तर ते खनिजविकासाच्या हिताचे का आहे, याची कारणे नोंदवायची. हा कायदा १ ऑक्टोबर १९६३ पासून गोव्याला लागू झाला.

आता प्रश्न असा उभा राहिला की मुदत नसलेल्या सनदेला मुदतीचा कायदा लावायचा कसा? पहिली दहा-बारा वर्षे या प्रश्नाला कोणी नीट हात घातला नाही. सनदधारक खणत राहिले, मुरगावला बोटी लागत राहिल्या. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. ‘भाऊसाहेब’ बांदोडकरांनी खेड्यापाड्यांत मराठी शाळा नेल्या, बहुजनांना सत्तेत आणले. त्यांच्या कारकिर्दीचे ऋण गोवा विसरणार नाही. पण त्या काळातल्या गोव्याचे चलनवलन खाणींवर किती अवलंबून होते, हेही यावरून ध्यानात येते. परकी चलनासाठी आसुसलेल्या दिल्लीलाही हा झरा आटवायचा नव्हता.

१९७५ मध्ये केंद्राच्या खाणपट्टा नियंत्रकांनी हालचाल केली. या सनदा म्हणजे जुनी लीजेच आहेत असे मानून त्यांना भारतीय नियमांच्या चौकटीत आणण्याची कारवाई सुरू झाली. खाणमालक न्यायालयात गेले. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पोर्तुगीज सनद हा लीजपेक्षा वेगळा हक्क आहे, त्यामुळे १९५७ च्या कायद्यातल्या लीजविषयीच्या तरतुदी तिला तशाच लावता येत नाहीत, असा त्याचा अर्थ. कायद्याच्या भाषेत निकाल तर्कशुद्ध होता. त्यातून निघणारी वस्तुस्थिती मात्र विलक्षण होती: भारताच्या एका भागात, मुक्तीला जवळजवळ बावीस वर्षे झाल्यावरही, खनिजावर मुदत नसलेला खासगी हक्क जिवंत होता.

म्हणून १९८७ चा कायदा आला. त्याने सनदा रद्द केल्या, त्या २० डिसेंबर १९६१ पासून लीज होत्या असे ठरवले आणि मुदत दिली सहा महिन्यांची, २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंत. पुढे खणायचे तर नूतनीकरण घ्या. खाणमालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले. उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो बहुतांशी वैध ठरवला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान वीस वर्षांचे नूतनीकरण मिळाले. त्या हिशेबाने मुदत संपण्याची तारीख ठरली २२ नोव्हेंबर २००७. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

शंभर हेक्टरांतला डोंगर

खाणीचे प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहिल्याशिवाय या कागदांचे महत्त्व समजत नाही. गोव्याचे लोहखनिज चिऱ्याच्या जाड थराखाली असते. आधी वरचे रान तोडायचे, मग चिरा आणि माती काढायची, तेव्हा कुठे खनिज हाती लागते. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ही माती ठेवायची कुठे? सनद शंभर हेक्टरांच्या आतली, तीही बहुधा उभ्या डोंगरावरची. आतली सगळी जागा खोदायची, त्यामुळे माती सनदेच्या हद्दीबाहेर, विकत किंवा भाड्याने घेतलेल्या जमिनीत जायची. तिचे उंच ढिगारे, ज्यांना सगळा गोवा ‘डंप’ म्हणतो, गावांच्या डोक्यावर उभे राहिले. १९०६ च्या हुकूमनाम्याने आखलेली हद्द अशा रीतीने शंभर वर्षांनी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन पोहोचली.

गोव्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जूनमध्ये डंपची लाल माती ओहोळांत उतरते, ओहोळांतून शेतात आणि शेतातून नदीत जाते. भाताच्या वाफ्यात ती एकदा साचली की वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. रोप तिच्यात धरत नाही. त्यात खाणी वर्षानुवर्षे खोल जात गेल्या, काही तर समुद्रसपाटीच्याही खाली. खड्ड्यात झिरपणारे भूजल पंपांनी उपसून बाहेर टाकल्याखेरीज खाण चालत नाही. आणि ते उपसले की आजूबाजूच्या विहिरी, झरी आटतात. ज्या गावात लईराई देवीच्या जत्रेला हजारो धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, अनवाणी निखाऱ्यांवरून चालतात, त्या डिचोली तालुक्यातल्या शिरगावने हे सगळे सोसले. शेते पडीक पडली, विहिरींनी तळ गाठला, पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली.

खनिज पुढे जायचे ते टिप्परमधून जेटीवर, जेटीवरून बार्जमध्ये. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा हे या मालाचे हमरस्ते. बार्ज मुरगावला पोहोचली की माल बोटीत चढायचा. या साखळीवर हजारो कुटुंबे जगत होती. खाणीतला कामगार, टिप्परचा मालक आणि चालक, बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला, रस्त्याकडेचा चहावाला. शेत गेलेल्या घरातल्याच मुलाने बँकेचे कर्ज काढून टिप्पर घेतला, अशी उदाहरणे खाणींच्या भागात गावोगाव सापडतात. म्हणून खाणींविरुद्ध बोलणे गावात कधीच सोपे नव्हते. एकाच ओसरीवर बाप बुजलेल्या शेताची तक्रार घेऊन बसायचा आणि मुलगा टिप्परच्या हप्त्याची.

मुदत संपली, तेजी आली

नव्वदीच्या दशकापर्यंत गोव्याची निर्यात वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास होती. नव्या शतकात चीनने पोलादाचे कारखाने अफाट वेगाने वाढवले. जपानी कारखान्यांना नको असलेला कमी प्रतीचा भुगाही चीनला हवा होता. भाव टनाला शंभर डॉलरच्या पुढे गेले. २०१०-११ पर्यंत निर्यात पाच कोटी टनांच्या पलीकडे गेली. जुने डंपही पुन्हा उपसले गेले, कारण पूर्वी टाकाऊ म्हणून फेकलेल्या मातीतले लोह आता विकले जात होते. रस्त्यांवर टिप्परांच्या रांगा लागल्या. रस्त्यालगतच्या घरांत खिडक्या उघडणे बंद झाले.

सरकारच्या तिजोरीत याचा वाटा किती पडत होता? ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरची रॉयल्टी टनावर ठरलेली होती आणि उत्तम प्रतीच्या मालालाही ती टनामागे सत्तावीस रुपयांच्या वर जात नव्हती. बाजारभाव कितीही चढला तरी लोकांच्या मालकीच्या खनिजाचा मोबदला जागचा हलत नव्हता. २००९ मध्ये रॉयल्टी विक्रीमूल्याच्या दहा टक्के झाली आणि २०१४ मध्ये पंधरा टक्के. तेजीची पहिली वर्षे त्याआधीच सरून गेली होती.

आणि नेमक्या याच काळात, २२ नोव्हेंबर २००७ रोजी, लीजची मुदत संपली होती. नूतनीकरणाचे अर्ज आले, ते पडून राहिले. नियमातली एक तरतूद अशी होती की अर्ज वेळेवर केला आणि सरकारने निर्णय दिला नाही, तर लीज चालू आहे असे मानायचे. तिच्या आधारावर खाणी चालू राहिल्या. सरकारने होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, आणि त्या मौनात गोव्याच्या इतिहासातले सर्वांत जास्त खनिज देशाबाहेर गेले. पोर्तुगीजांनी सनद कायमची केली होती ती सहीशिक्क्यानिशी. आपल्या राज्ययंत्रणेने निर्णय न घेऊन तेच साधले.

आयोग, बंदी आणि निकाल

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने बेकायदा खाणींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोग नेमला. आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. पर्यावरण आणि वन्यजीवविषयक मंजुऱ्यांशिवाय चाललेल्या खाणी, हद्दीबाहेरचे खोदकाम, देखरेखीचा पूर्ण अभाव असे अनेक दोष त्यात नोंदले होते. सरकारी तिजोरीच्या नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा होता. विरोधी पक्षात असताना विधानसभेच्या लोकलेखा समितीतून हा विषय लावून धरणारे मनोहर पर्रीकर तोवर मुख्यमंत्री झाले होते. १० सप्टेंबरला त्यांच्या सरकारने खाणी थांबवल्या. पाठोपाठ केंद्राने पर्यावरण परवाने स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये, क्लॉड आल्वारिस यांच्या गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने खोदकाम आणि वाहतूक थांबवण्याचा आदेश दिला.

२१ एप्रिल २०१४ चा निकाल हा या इतिहासातला सर्वांत स्पष्ट दस्तऐवज आहे. लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, त्यानंतरचे सगळे खोदकाम बेकायदा, असे न्यायालयाने सांगितले. दुसरे नूतनीकरण आपोआप होत नसते, त्यासाठी कारणांसह आदेश लागतो. लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकता येणार नाही. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण नको. तूर्त वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक खनिज काढू नये आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम एका कायम निधीत जमा व्हावी. या शेवटच्या आदेशाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. खनिज एकदाच निघते, ते पुढच्या पिढ्यांचेही आहे, म्हणून त्याच्या पैशातला काही भाग मुदलासारखा राखून ठेवावा, हा विचार त्यामागे आहे. शंभर वर्षांच्या खाणव्यवहारात असा हिशेब प्रथमच मांडला गेला.

पण जुनी वहिवाट इतक्यावर सुटली नाही. खाणमालकांकडून नूतनीकरणापोटी मुद्रांक शुल्क आधीच घेतलेले होते. उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१४ च्या निकालाचा आधार घेऊन राज्य सरकारने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात ८८ लीजांचे पुन्हा नूतनीकरण केले. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने अध्यादेश काढून देशभर खाणपट्टे लिलावानेच देण्याचा नियम आणला. त्या एकाच दिवशी गोव्यात ३१ लीजांचे नूतनीकरण झाले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने ही सगळी नूतनीकरणे रद्द केली. १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. लीज २०३७ पर्यंत वैध आहेत, असा दावा त्यानंतरही सर्वोच्च न्यायालयात झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो फेटाळला गेला.

या दोन्ही खाणबंद्यांचा मार बसला तो प्रथम कामगारावर आणि टिप्परवाल्यावर. मालकाकडे साठवलेली संपत्ती होती, टिप्परवाल्याकडे बँकेचा हप्ता होता. सरकारने मदत योजना आणल्या, पण अंगणात गंजत चाललेला टिप्पर त्यांतून चालता होत नाही. धोरण वेळेवर न ठरवल्याचा दंड असा सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाने भरला. २००७ मध्येच मुदतीचा प्रश्न सोडवून मर्यादित आणि कायदेशीर खाणकाम सुरू ठेवले असते, तर त्यांपैकी कितीतरी घरे वाचली असती.

लिलावानंतर

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात पहिल्यांदा खनिज ब्लॉकचा लिलाव झाला. डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले हे पहिले चार ब्लॉक गोव्यात आधीपासून खाणी चालवणाऱ्या कंपन्यांनीच घेतले. २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमधून काम पुन्हा सुरू झाले. मये, शिरगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी घरे, देवळे आणि शेती लीजमधून वगळण्याची मागणी लावून धरली आहे. लिलावामुळे सरकारला मिळणारा मोबदला पूर्वीपेक्षा कितीतरी वाढतो, हा लाभ खरा आहे. पण गावाला विचारून हद्द आखली जात नाही, तोवर नव्या नकाशातही १९०६ ची रेघ शिल्लक आहे.

२०१५ च्या सुधारणेनंतर लिलावात मिळणारे लीज पन्नास वर्षांचे असते. म्हणजे आज खाण पाहणारा अधिकारी, मंत्री, सरपंच यांच्यापैकी बहुतेक जण मुदत संपताना पदावर नसतील. म्हणूनच शिस्त आजच कागदावर आणि व्यवहारात उतरायला हवी. किती टन निघाले आणि कायम निधीत किती जमा झाले, हा आकडा दर महिन्याला ग्रामसभेपुढे यावा. मुदत, मर्यादा आणि हद्द या तीन गोष्टी कोणत्याही अर्जाच्या प्रलंबित असण्यावर सोडू नयेत. भरपाई आणि कामगारांची पर्यायी सोय खाण सुरू होतानाच ठरावी, बंद पडल्यावर नव्हे. आणि लीज द्यायच्या आधी गावच्या झरी-विहिरींची मोजणी व्हावी, म्हणजे पुढे पाणी कोणी नेले याचा वाद उरणार नाही. यातले काहीही कायद्याला अशक्य नाही. गोव्याने पुरते शतक मोजून एवढे शिक्षण घेतले आहे. ओडिशापासून गडचिरोलीपर्यंत जिथे आज नवे लीज दिले जात आहे, तिथल्या गावांना तीच किंमत पुन्हा मोजायला लावण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.